एका बंदुकीचीं दोन कामें

बंदुकीच्या नळीचें माप किती असावें, हा प्रश्न ह्या मासिकाच्या पानांवर पाहून आमच्या वाचकांस थोडें नवल वाटेल. आम्हांसहि तो हातीं घेतांना संकोच वाटला. आमचा सारा जन्म हातांत खडू धरण्यांत गेला. आणि आमच्या घरीं आजवर शिकार झाली असेल तर ती उंदराची, व तीहि सापळ्यानें. परंतु दोन वर्षांपूर्वीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हे गृहस्थ आज पुष्कळ वर्षें अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया राज्यांत स्थायिक झाले असून गांवाबाहेर थोडी जमीन घेऊन राहिले आहेत. उन्हाळ्यांत वुडचक नांवाचे प्राणी त्यांच्या कुरणांत आणि कोठाराच्या पायाखालीं बिळें पाडतात. आणि हिवाळ्याच्या तोंडाशीं हरणांच्या शिकारीचा हंगाम आला म्हणजे त्यांचा मुलगा शेजाऱ्याबरोबर रानांत जाण्याचा हट्ट धरितो. त्या प्रांतीं हंगामांतील पहिल्या सोमवारीं पुष्कळ शाळांना सुट्टी देण्याचा जुना प्रघात आहे. तेव्हां मुलाचा हट्ट अगदींच जगावेगळा म्हणतां येत नाहीं. घरांत बंदूक आणावयाची ती एकच, आणि तिनें दोन्ही कामें व्हावयाचीं. मग ती कोणत्या मापाची घ्यावी? शेजाऱ्यापाजाऱ्यांत एकमत नव्हतें. प्रत्येकजण आपल्याच बंदुकीचे गोडवे गात होता. 'आपण आम्हांस इतिहास शिकविलात; ह्या वादाचा इतिहास काय म्हणतो तेवढें कळवा,' असें त्यांनीं शेवटीं लिहिलें होतें.

पत्र वाचून आम्हांस प्रथम हंसूं आलें. परंतु पुस्तकें चाळूं लागलों तों असें दिसून आलें कीं, हा नुसता हौशी लोकांचा वितंडवाद नव्हे. अमेरिकेंतील मोठमोठे कारखाने, त्यांचे कारागीर आणि असंख्य शेतकरी ह्यांनीं जवळजवळ पन्नास वर्षें ह्या एका प्रश्नाशीं झोंबी घेतली. आणि तींतून जो निर्णय निघाला तो बंदुकीपुरताच खरा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. एकाच साधनाकडून दोन विरुद्ध कामें करून घ्यावयाचीं असतां तें साधन कोणत्या कामाच्या मापानें घडवावें, हा प्रश्न संसारांत सर्वांनाच केव्हां ना केव्हां पडतो.

प्रथम तीं दोन कामें कोणतीं तें पाहूं. शेताची नासाडी करणाऱ्या प्राण्यांस अमेरिकन खेडूत 'व्हार्मिंट' म्हणतो; इंग्रजींतील 'व्हर्मिन' ह्या शब्दाचा हा रांगडा अपभ्रंश होय. पूर्वेकडील राज्यांत ह्या वर्गांत मुख्यतः वुडचक येतो. मार्मोट जातीचा हा बिळांत राहणारा प्राणी आपल्याकडील घुशीचा थोरला भाऊ शोभेल असा आहे. त्याचें वजन साधारणपणें पांच ते दहा पौंड भरतें. हीं जनावरें मोकळ्या कुरणांत दोनदोनशें, तीनतीनशें यार्डांवरून टिपावीं लागतात, आणि लक्ष्य असतें वीतभर. तेथें गोळी हलकी व अतिशय वेगवान पाहिजे, म्हणजे ती वाटेंत फारशी खालीं झुकत नाहीं. शिवाय तिच्यावरील तांब्याचें कवच पातळ हवें. अशी गोळी आदळतांच फुटून तिचा चुरा होतो. उलट जाड कवचाची गोळी जमिनीवर आपटून उसळली तर ती शेजाऱ्याच्या गुरांवर किंवा घरावर जाण्याचें भय असतें.

हरणाची गोष्ट अगदीं निराळी. तिकडील पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मोठा नर दीडशें-दोनशें पौंडांचा असतो, आणि तो झाडींत बहुधा जवळूनच दिसतो. कातडें, बरगडी, प्रसंगीं खांद्याचें हाड फोडून गोळी काळजापर्यंत पोंचली पाहिजे. तिनें एकदम फुटतां कामा नये, फुलत फुलत खोल गेलें पाहिजे. हलक्या गोळीचा खांद्यावरच चुरा झाला तर हरिण जखमी होऊन पळतें आणि कोठेंतरी झुडुपांत तळमळत मरतें. वुडचकवर जड आणि संथ गोळी झाडली तर बहुधा नेम चुकतो आणि जनावर बिळांत शिरतें. परंतु हरणावर चुकीची गोळी झाडली तर त्या चुकीचें प्रायश्चित्त हरणाला भोगावें लागतें. ह्या दोन चुकांतील हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील हकीकतीचें मर्म त्यांतच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत हरणांची स्थिति शोचनीय झाली होती. मांस व कातडीं बाजारांत विकण्यासाठीं झालेल्या बेसुमार कत्तलीमुळें साऱ्या देशांत मिळून पांढऱ्या शेपटीचीं हरणें पांच लाखांच्या आंतबाहेर उरलीं होतीं, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. १९०० सालच्या लेसी कायद्यानें बेकायदा मारलेल्या जनावरांचा एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत होणारा व्यापार बंद केला. राज्याराज्यांनीं शिकारीचे हंगाम आंखले, किती जनावरें मारावीं त्याची संख्या ठरविली. ह्याचा परिणाम असा झाला कीं, हरणासाठीं घेतलेली बंदूक वर्षांतून थोडे दिवसच बाहेर निघूं लागली. राहिलेले महिने ती भिंतीवर टांगून ठेवणें काटकसरी शेतकऱ्याच्या जिवावर येई. उन्हाळ्यांत तिनें वुडचकचेंहि काम करावें असें त्यास वाटणें साहजिक होतें.

परंतु ती बंदूक त्या कामाची नव्हती. त्या काळीं घरोघरीं दिसणारी बंदूक म्हणजे विंचेस्टर कारखान्याची १८९४ च्या नमुन्याची. आणि तिचें प्रसिद्ध काडतूस १८९५ सालीं निघालेलें.३०-३०. ह्यांतील पहिला आंकडा नळीचें माप दाखवितो, म्हणजे एका इंचाच्या शंभर भागांपैकीं तीस. दुसरा आंकडा मूळच्या दारूचें वजन ग्रेनांत सांगतो. ग्रेन म्हणजे किती, हें आपल्या सोनाराच्या हिशेबानें सांगावयाचें तर तोळ्याचे १८० ग्रेन. .३०-३० ची गोळी १७० ग्रेनांची, म्हणजे जवळजवळ तोळाभर वजनाची, आणि आजच्या काडतुसांत तिचा वेग सेकंदास २२०० फूट. शंभर यार्डांवर नेम बरोबर बसविला असतां दोनशें यार्डांवर ती आठेक इंच खालीं पडते. झाडींतल्या हरणास हें चालतें. कुरणांतल्या वुडचकच्या वीतभर देहास चालत नाहीं.

ह्या अडचणींतून वाट काढण्याचा पहिला नामांकित प्रयत्न चार्ल्स न्यूटन ह्यानें केला. हा न्यूयॉर्क राज्यांतील बफेलो शहरचा वकील. परंतु त्याचें मन पक्षकारांपेक्षां काडतुसांत अधिक रमे. सॅव्हेज कारखान्यानें १९१२ सालीं त्याचें .२२ हाय-पॉवर हें काडतूस बाजारांत आणिलें. गोळी अवघी ७० ग्रेनांची, पण वेग २८०० फुटांचा. चीनमधील फुजियान प्रांतांत हॅरी कॉल्डवेल नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यानें ह्या चिमुकल्या गोळीनें वाघ मारले, आणि वेग असला म्हणजे वजनाची काय मातब्बरी, असें लोकांस वाटूं लागलें. परंतु कॉल्डवेलचा हात सर्वांना कोठून असणार? सामान्य शिकाऱ्याच्या हातीं तें काडतूस मोठ्या जनावरांवर भरंवशाचें ठरेना, आणि त्याचा बोलबाला लवकरच ओसरला.

१९१५ सालीं न्यूटननेंच सॅव्हेजला दुसरें काडतूस करून दिलें. .२५ मापाच्या नळींत १०० ग्रेनांची गोळी घालावी, असा त्याचा मूळ विचार होता. तिचा वेग २८०० फुटांच्या आसपास येई. कारखान्यास मात्र ३००० हा आंकडा हवा होता, कारण तोंवर कोणत्याहि अमेरिकन कारखान्याच्या काडतुसानें तो गांठला नव्हता. म्हणून गोळीचें वजन ८७ ग्रेनांवर उतरविलें आणि तो आंकडा थेट नांवांतच गोंवून टाकिला: .२५०-३०००. काडतूस उत्तम निघालें; वुडचक आणि हरिण ह्या दोहोंसाठीं म्हणून तें पुष्कळांनीं घेतलें. परंतु शास्त्रज्ञाच्या हिशेबानें नव्हे, तर जाहिरातीच्या हिशेबानें गोळीचें वजन ठरल्याची खूण त्या बंदुकीच्या नळींत राहून गेली. तिचे आटे १४ इंचांस एक वेढा ह्या बेतानें कोरलेले होते. ८७ ग्रेनांच्या गोळीस तेवढे पुरत; पुढें हरणासाठीं १०० ग्रेनांची टोंकदार गोळी घालावी असें लोकांस वाटूं लागलें, तेव्हां ती ह्या जुन्या नळ्यांतून नीट जाईना.

आतां हे वेढे म्हणजे काय तें सांगणें प्राप्त आहे. रायफलीच्या नळींत मळसूत्रासारखे आटे कोरलेले असतात. त्यांतून जातांना गोळी स्वतःभोंवतीं फिरूं लागते, आणि फिरत्या भोंवऱ्याप्रमाणें तोल सांवरून नाकासमोर जाते. नळीचें माप तेंच ठेवून गोळीचें वजन वाढवावयाचें तर गोळी लांब करावी लागते. आणि गोळी जितकी लांब तितकी ती कलंडण्यास उतावीळ, म्हणून तितके आटे अधिक घट्ट पाहिजेत. इंग्रज गणिती ग्रीनहिल ह्यानें वूलिच येथें १८७९ सालीं ह्याचें एक सोपें सूत्रहि बांधून दिलें होतें. तात्पर्य, बंदूक घडवितांना आट्यांचा वेढा एकदां ठरविला कीं, पुढें तिच्यांतून किती लांब, अर्थात् किती जड गोळी जाऊं शकेल, हेंहि ठरून जातें. काडतुसें दुकानांतून हवीं तेव्हां बदलून आणतां येतात. आटे जन्माचे असतात.

न्यूटननंतर ह्या कामांत नांव घेण्यासारखा पुरुष म्हणजे नेड रॉबर्ट्स. लांबून वुडचक टिपण्याचा ह्यास मोठा नाद. जर्मन माउझर रायफलीच्या ७ मिलिमीटर काडतुसाचें तोंड आंवळून त्यांत .२५ मापाची गोळी बसविण्याचे प्रयोग त्यानें व त्याच्या स्नेह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत केले. १९३४ सालीं रेमिंग्टन कारखान्यानें तें काडतूस थोड्या फेरफारानें आपल्या छापाखालीं काढिलें व त्यास .२५७ रॉबर्ट्स असें नांव दिलें. काळ मंदीचा होता. दोन बंदुका घेण्याची ऐपत फार थोड्यांना उरली होती. रेमिंग्टननें येथें एक शहाणपणा केला. आटे १० इंचांस एक वेढा असे घट्ट ठेविले, आणि गोळ्या ८७, १०० व ११७ ग्रेन अशा तीन वजनांच्या दिल्या. उन्हाळ्यांत पहिली, हिवाळ्यांत शेवटची. बंदुकीचा धक्का सौम्य, म्हणून बायका व मुलेंहि ती वापरूं शकत. दोष नव्हते असें नाहीं. मूळ काडतूस लांब आणि बंदुकीचें काडतुसांचें घर आंखूड, त्यामुळें गोळी काडतुसांत अधिक खोल बसवावी लागे. आणि कारखाना दारूहि भीतभीतच भरीत असे. तरीपण वीस वर्षें ह्या काडतुसानें पुष्कळ घरांत दोन्ही कामें निमूटपणें केलीं.

दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९३५ सालीं, विंचेस्टरनें अगदीं दुसऱ्या टोंकाचा प्रयोग केला. .२२० स्विफ्ट ह्या त्यांच्या काडतुसाची गोळी अवघी ४८ ग्रेनांची, पण वेग ४११० फूट! कारखान्यांतून निघालेल्या काडतुसानें ४००० फुटांची मर्यादा ओलांडली ती ह्याच वेळीं प्रथम. कुरणांतल्या लक्ष्यासाठीं तें अप्रतिम होतें. परंतु वेगाच्या मोहानें कांहीं लोकांनीं तें हरणांवरहि चालविलें. येथें आम्हीं थोडें गणित करून पाहिलें. गोळीचें वजन आणि वेगाचा वर्ग ह्यांच्या गुणाकारावरून तिच्या अंगचें बळ काढितात. नळीच्या तोंडाशीं स्विफ्टच्या गोळीचें बळ सुमारें १८०० फूट-पौंड येतें. आणि वर सांगितलेल्या.३०-३० च्या जड, मंद गोळीचें १८२७. कागदावर दोन्ही सारख्याच! पण कागदाला खांद्याचें हाड नसतें. तोळाभराची गोळी हाड फोडून पलीकडे जाई. पाव तोळ्याची पातळ गोळी कधीं हरणास जागच्या जागीं लोळवी, तर कधीं वरचेवर फुटून भयंकर पण उथळ जखम करी. कधीं काय होईल ह्याचा नेम नसे. कित्येक राज्यांनीं .२२ मापाच्या रायफलींना हरणांच्या शिकारींत बंदी केली ती ह्याच कारणास्तव. कोलोराडो राज्यांत मोठ्या जनावरांसाठीं नळीचें माप निदान .२४ इंच असावें लागतें. व्हर्जिनियांत हरणासाठीं निदान.२३. अनुभवानें जें शिकविलें तें असें कायद्याच्या कलमांत उतरलें.

तेव्हां .२२ हें हरणास अपुरें आणि .२५ हें जुनाट वाटूं लागलेलें. मधल्या मापाची जागा मोकळी होती. दरम्यान १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें शिकारी बंदुका व काडतुसें ह्यांवर बसविलेल्या करांतून वन्य प्राण्यांच्या संवर्धनास पैसा मिळूं लागला होता, आणि हरणांची संख्या पुन्हा वाढीस लागली होती. 'फील्ड अँड स्ट्रीम' मासिकाचा बंदूकविषयक संपादक वॉरेन पेज ह्यासारखे जाणते लोक ६ मिलिमीटरच्या काडतुसांचे प्रयोग घरच्या घरीं करीत होते. अखेर १९५५ सालीं दोन प्रतिस्पर्धी कारखाने एकाच वर्षीं ह्या मोकळ्या जागेंत उतरले. विंचेस्टरनें .२४३ विंचेस्टर काढिलें, रेमिंग्टननें .२४४ रेमिंग्टन. नांवांत एक सहस्रांश इंचाचा फरक दिसतो, पण तो नांवापुरताच. दोहोंच्या गोळ्यांचा व्यास एकच,.२४३ इंच. कस लावून पाहिला तर रेमिंग्टनचें काडतूस किंचित् सरसच होतें, कारण त्यांत दारू थोडी अधिक मावे.

मग फरक पडला कोठें? रेमिंग्टनच्या कारागिरांनीं असा विचार केला कीं, असली बंदूक घेणारा मनुष्य वर्षांतील बहुतेक दिवस वुडचकच्याच मागें असणार. हरिण त्यास वर्षांतून एखाद्या वेळीं. म्हणून त्यांनीं ७५ व ९० ग्रेनांच्या गोळ्या दिल्या, आणि हलक्या गोळीला सोयीचे असे १२ इंचांस एक वेढा घेणारे आटे कोरले. विंचेस्टरनें ८० व १०० ग्रेनांच्या गोळ्या दिल्या आणि आटे ठेविले १० इंचांस एक वेढा. दोघांच्या जड गोळ्यांतील अंतर दहा ग्रेनांचें, म्हणजे तोळ्याच्या अठराव्या हिश्श्याचें! परंतु दुकानांत उभा राहिलेला गिऱ्हाईक मनांत म्हणाला, 'वुडचकचें काम दोन्ही करतील. पण हरिण समोर आलें तर शंभर ग्रेनांची गोळी मला एकींतच मिळते.' आणि दुसरींत ती लांब टोंकदार गोळी पुढें कधीं घालावी म्हटलें तरी आटे ती धड जाऊं देतील कीं नाहीं, ह्याची त्यास शंका होती. आठ वर्षांच्या आंत निकाल लागला. .२४३ घरोघरीं गेलें. रेमिंग्टननें आटे ९ इंचांस एक वेढा असे घट्ट केले आणि १९६३ सालीं तेंच काडतूस '६ मिलिमीटर रेमिंग्टन' ह्या नव्या नांवानें १०० ग्रेनांच्या गोळीसह पुन्हां बाजारांत आणिलें. पण गेलेली वेळ परत आली नाहीं. .२४३ आजहि साऱ्या जगांत विकलें जातें. दुसऱ्याचें नांव जाणकारांच्याच तोंडीं राहिलें आहे.

इतिहासलेखकानें एकाच कारणावर भिस्त ठेवूं नये, हें आम्ही वर्गांत नेहमीं सांगत आलों. तेव्हां येथेंहि दुसरी बाजू सांगितली पाहिजे. रेमिंग्टनचें काडतूस ज्या ७२२ नमुन्याच्या बंदुकींत मिळे, ती बंदूक नेमाला चोख पण दिसायला साधी होती. विंचेस्टरची ७० नमुन्याची बंदूक पाहतांच कोणाच्याहि मनांत भरावी अशी. रूपानेंहि कांहीं गिऱ्हाइकें वळलीं असतील. शिवाय चांगल्या नेमबाजाच्या हातीं ९० ग्रेनांची गोळी हरणास पुरेशी होती, असेंहि पुष्कळ जाणते म्हणतात, आणि तें खरें असावें. परंतु रेमिंग्टननें स्वतः जो बदल केला तो आट्यांत आणि गोळीच्या वजनांत केला, ह्यावरून आपली चूक कोठें झाली असें त्यांस वाटलें तें स्पष्ट आहे. वर्षांतील दिवस मोजले तर रेमिंग्टनचा हिशेब बरोबर होता. वुडचकचे दिवस शंभर, हरणाचे चार. पण कामाचें महत्त्व दिवसांच्या संख्येनें मोजतां येत नाहीं. त्या चार दिवसांतील एक क्षण असा असतो कीं, तेव्हां साधन उणें पडलें तर दुसऱ्या जिवाला त्याची किंमत द्यावी लागते. साध्या शेतकऱ्यास हें न सांगतां कळलें. कारागिरांना तें आठ वर्षांनीं कळलें.

नळीचा प्रश्न असा सुटला तरी गोळीचा राहतोच. योग्य वजनाची गोळीसुद्धां वाईट घडणीची असेल तर फसते. १९४६ सालीं जॉन नॉस्लर हा ओरेगनकडील शिकारी ब्रिटिश कोलंबियाच्या रानांत मूस नांवाच्या प्रचंड सांबरावर गोळ्या झाडीत होता. वेगवान गोळ्या त्याच्या जाड, चिखल माखलेल्या कातडीवरच फुटून जात. त्यानें घरीं येऊन गोळीच्या पोटांत मधोमध एक पडदा ठेवण्याची युक्ति काढिली; पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा शाबूत राहून आंत शिरतो. १९४८ पासून अशा गोळ्या विक्रीस आल्या. जखमी होऊन निसटणाऱ्या जनावरावरून एखाद्यानें स्वतःस दोष दिला आणि त्यांतून एक नवी वस्तु जन्मास आली, हा प्रकार आम्हांस फार बोधप्रद वाटला.

आमच्या वाचकांच्या मनांत सहज येईल कीं, आपल्या देशांत असा वाद कसा झाला नाहीं? रानडुकरें आणि रोही आपल्याहि पिकांची धूळधाण करितात. ह्याचें उत्तर असें कीं, आपल्याकडे नळीचें माप जनावराकडे पाहून ठरलें नाहीं, माणसाकडे पाहून ठरलें. सैन्याच्या बंदुकीचें माप प्रजेच्या हातीं पडूं नये ह्या भीतीनें इंग्रज सरकारनें .३०३ आणि .४५० हीं मापें खासगी लोकांस वर्ज्य केलीं. .४५० ऐवजीं इंग्रज बंदूककारांनीं .४७० सारखीं नवीं मापें काढिलीं. आणि सामान्य परवानेदाराच्या वांट्यास.३१५ ची रायफल आली, जी पुढें बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यांतहि होऊं लागली. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र-कायद्यांतहि निषिद्ध मापांची कल्पना कायम राहिली. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हौशी शिकारीचा प्रश्नच मिटविला. पिकांचा नाश करणाऱ्या जनावराबाबतहि आतां आधीं सरकारी परवानगी लागते. त्याबद्दल आम्हांस खेद नाहीं. आमच्या रानांची स्थिति पाहतां तेंच योग्य झालें. सांगावयाचें इतकेंच कीं, साधनाचें माप कोण ठरवितो आणि कोणाच्या भीतीनें, ह्यावरून त्या देशाचा इतिहास वाचतां येतो.

अमेरिकेंत मात्र तो जुना आट्यांचा प्रश्न आज नव्या रूपानें पुन्हां उभा राहिला आहे. शिशाचे कण मांसांत राहून तें खाणाऱ्या गिधाडांस विषबाधा होते, म्हणून कॅलिफोर्निया राज्यानें २०१३ सालीं कायदा करून १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाच्या गोळ्यांस सर्वस्वीं बंदी केली. त्याऐवजीं निव्वळ तांब्याच्या गोळ्या आल्या. तांबें शिशाहून हलकें, म्हणून तितक्याच वजनाची गोळी अधिक लांब होते. आणि लांब गोळी म्हटली कीं घट्ट आटे आलेच. ज्यांनीं पूर्वीं आपल्या नळींत जड गोळीसाठीं जागा ठेविली होती त्यांच्या बंदुका ह्या नव्या काळांतहि कामास येतात. ज्यांनीं चालू गरजेपुरतेंच माप घेतलें होतें त्यांस गोळी पारखून, कमी वजनाची घ्यावी लागते. पुढें काय वाढून ठेविलें आहे हें १९५५ सालीं कोणासच ठाऊक नव्हतें. परंतु अधिक भाराची तयारी ठेवणाऱ्यास तें ठाऊक असण्याची गरजहि पडली नाहीं.

हें सर्व आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास सविस्तर लिहून कळविलें. शेवटीं आमचें मत म्हणून इतकेंच लिहिलें कीं, .२४३ घ्या, किंवा .२५ च्या घरांतील एखादी घ्या, त्यांत फारसें अडत नाहीं. मात्र तिचे आटे हरणाच्या गोळीचे असावेत, वुडचकच्या गोळीचे नव्हेत. जड गोळीची नळी हलकी गोळी बहुधा संभाळून घेते. हलक्या गोळीची नळी जड गोळी संभाळीलच असें नाहीं. काडतुसांचे डबे दोन ठेवा, निरनिराळ्या फडताळांत ठेवा, आणि मुलगा हिवाळ्यांत रानांत निघाला म्हणजे त्याच्या अंगरख्याच्या खिशांत उन्हाळ्यांतलें एखादें काडतूस चुकून राहिलेलें नाहीं ना, हें स्वतः पाहा. पत्र पाकिटांत घालतांना आमच्या घरांतून आणखी एक सूचना आली: 'मुलाला नेम केव्हां धरावा तें शिकवालच, केव्हां धरूं नये तेंहि शिकवा, म्हणावें.' तीहि आम्हीं खालीं जोडून दिली.

गेल्या हिवाळ्यांत उत्तर आलें. बंदूक .२४३ च घेतली. मुलगा शेजाऱ्याबरोबर दोन दिवस रानांत बसला. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं एक हरिण ऐंशी यार्डांवर आलें, परंतु झाडाआड अर्धेंच दिसत होतें. त्याचा खांदा मोकळा होईना, म्हणून मुलानें घोडा ओढला नाहीं, आणि हरिण निघून गेलें. शेजारी परततांना त्यास म्हणाला कीं, तुला आतां पुढच्या वर्षीं एकट्यानें बसावयास हरकत नाहीं. कोठाराखालचा वुडचक मात्र अद्यापि सुखरूप आहे, असें पत्राच्या शेवटीं लिहिलें आहे.